पुढे घाट, मागे घर

उत्तर यॉर्कशरमध्ये थर्स्क गावातून पूर्वेकडे निघालं की काही मैलांवर ए-१७० हा रस्ता सटन बँक नावाच्या कड्यावर चढतो. चढ चारास एक, म्हणजे चार मीटर पुढे गेलं की एक मीटर वर, आणि मध्ये हाताच्या कोपरासारखं वळण. वरून दिसणारा सपाट, हिरवा प्रदेश पाहायला लोक लांबून येतात. पण कॅराव्हॅन घेऊन आलेल्यांना हा चढ वर्ज्य आहे. पायथ्याशी तशी पाटीच लावलेली आहे, आणि त्यांना दुसऱ्या रस्त्याने वळसा घालून जावं लागतं. कारण साधं आहे. मोटारीच्या मागे दीड टनाच्या आसपासचं ओझं लटकलं आणि रस्ता तिरका झाला, की भार मागे सरकतो आणि पुढची चाकं हलकी होतात. बहुतेक मोटारींना ओढणारी ताकद पुढच्याच चाकांत असते. ती जागेवर फिरायला लागतात, क्लच जळल्याचा वास येतो आणि मागची सगळी रहदारी खोळंबते.

आपल्याकडे कॅराव्हॅन म्हटलं की इंजिनासकट असलेली राहती गाडी डोळ्यांसमोर येते. महाराष्ट्र सरकारने २०२१ मध्ये कॅराव्हॅन पर्यटनाचं धोरण जाहीर केलं, तेव्हाही बहुतेकांच्या मनात तीच गाडी होती. ब्रिटनमध्ये, आणि नेदरलँड्स, जर्मनीतही, कॅराव्हॅन म्हणजे मोटारीमागे जोडून ओढायचं घर. त्याला स्वतःचं इंजिन नाही, चालक नाही. मुक्कामाला पोचलं की ते सोडवून ठेवायचं आणि मोकळ्या मोटारीने गाव पाहायला जायचं. यातली सगळी मजा त्या जोडणीत आहे, आणि बहुतेक फजितीही तिथूनच सुरू होते.

हौसेखातर अशा घरातून हिंडण्याची सुरुवात घोड्यांच्या काळातली. विल्यम गॉर्डन स्टेबल्स हे ब्रिटिश नौदलातून निवृत्त झालेले स्कॉटिश डॉक्टर मुलांसाठी साहसकथा लिहीत. १८८५ मध्ये त्यांनी ब्रिस्टलच्या एका वॅगन कारखान्यातून महोगनी लाकडाचं देखणं घर बनवून घेतलं आणि त्याला ‘वाँडरर’ असं नाव दिलं. त्याचं वजन जवळपास दोन टन होतं आणि ते ओढायला कॉर्नफ्लॉवर आणि पीब्लॉसम नावाचे दोन घोडे होते. सोबत गाडीवान, नोकर, हरिकेन बॉब नावाचा मोठा कुत्रा आणि एक पोपट. लंडनच्या पश्चिमेकडच्या ट्वायफर्डहून निघून त्यांनी थेट स्कॉटलंडमधलं इन्व्हरनेस गाठलं; प्रवास तेराशे मैलांचा. मला या साऱ्या लवाजम्यात नोकराचं काम सगळ्यात महत्त्वाचं वाटतं. तो तीनचाकी सायकलवरून पुढे जायचा आणि रस्ता कसा आहे, हे पाहायचा. आजही कॅराव्हॅनवाला नकाशात आधी तेच पाहतो: चढ किती, पूल किती उंच, गल्ली किती रुंद. साध्या मोटारीसाठी वाट दाखवणारं यंत्र त्याला डेव्हनमधल्या दोन्ही बाजूंनी मातीचे उंच बांध असलेल्या गल्लीत नेऊन सोडतं, आणि तिथे समोरून ट्रॅक्टर आला तर कुणाला तरी मागे जावंच लागतं.

१९०७ मध्ये ब्रिटनमध्ये कॅराव्हॅन क्लब स्थापन झाला आणि स्टेबल्स त्याचे उपाध्यक्ष झाले. पुढच्याच वर्षी केनेथ ग्रॅहम यांची ‘द विंड इन द विलोज’ ही कादंबरी आली. तिच्यातले बेडूकराव पिवळ्याधमक कॅराव्हॅनमधून मोठ्या थाटात निघतात, आणि एक मोटार भरधाव बाजूने जाते. घोडा बुजतो आणि घर खड्ड्यात. त्या प्रसंगात एक युग दुसऱ्याला रस्त्यावरून बाजूला सारतं. पण कॅराव्हॅन संपली नाही, तिने घोडा बदलला. १९१९ मध्ये बर्मिंगहॅमच्या एक्लिस कंपनीने मोटारीमागे ओढायची कॅराव्हॅन विकायला काढली. जर्मनीत १९३१ मध्ये आरिस्ट डेथलेफ्स या तरुणाने तशीच एक गाडी बांधली. चाबूक आणि स्कीच्या काठ्या करण्याच्या घरच्या धंद्यासाठी तो महिनोन्‌महिने फिरतीवर असे. त्याची वाग्दत्त वधू चित्रकार होती आणि तिला त्याच्याबरोबर हिंडायचं होतं, चित्रंही काढायची होती. दुसऱ्या महायुद्धानंतर सॅम अल्पर यांनी ‘स्प्राइट’ ही स्वस्त कॅराव्हॅन काढली आणि हे सुख ब्रिटनमधल्या सामान्य कुटुंबांच्या आवाक्यात आलं. याच अल्पर यांनी १९५८ मध्ये रस्त्याकडेच्या ‘लिटल शेफ’ उपाहारगृहांची सुरुवात केली. रस्त्यावरच्या माणसाला काय हवं असतं, हे त्यांना नेमकं कळलं होतं.

आता त्या जोडणीकडे येऊ. मोटारीच्या मागे एक लोखंडी गोळा असतो आणि कॅराव्हॅनच्या पुढच्या टोकाची वाटी त्यावर बसते. एवढ्या एका बिंदूवर घर मोटारीला धरून असतं. वळता यावं म्हणून ती जोडणी मोकळी ठेवावीच लागते. पण वळू देणारी जोडणी हेलकावूही देते. वाऱ्याचा झोत आला, उंच ट्रक बाजूने पुढे गेला, चालकाने चाक जरा झटक्यात वळवलं, की कॅराव्हॅनचं शेपूट एका बाजूला जातं. टायर त्याला परत ओढतात, ते मधोमध न थांबता पलीकडे जातं, पुन्हा परत येतं. इंग्रज याला सापाची चाल म्हणतात. गोळा मोटारीच्या मागच्या चाकांच्याही मागे असल्यामुळे प्रत्येक हेलकाव्याबरोबर कॅराव्हॅन मोटारीचंही शेपूट हलवते, म्हणजे ओझंच चालकाला चालवू लागतं.

हेलकावा आपोआप विरणार की वाढणार, हे मुख्यतः वेगावर ठरतं. टायर आडव्या हालचालीला जो विरोध करतात तो वेग वाढेल तसा कमी पडत जातो. सावकाश जाताना दोन-तीन झोल्यांत सगळं शांत होतं. पण प्रत्येक जोडीचा एक वेग असा असतो, की त्यापुढे प्रत्येक झोला आधीच्यापेक्षा मोठा होतो. ब्रिटनमध्ये कॅराव्हॅन ओढणाऱ्या मोटारीला साध्या दुपदरी रस्त्यावर ताशी ५० मैल आणि मोटारवेवर ताशी ६० मैल, म्हणजे सुमारे ९६ किलोमीटर, एवढीच मुभा आहे. तीन किंवा अधिक पदरांच्या मोटारवेवर सगळ्यात उजवीकडच्या पदरात तिला जाता येत नाही. हे निर्बंध मला अगदी योग्य वाटतात. उतारावर तर आणखी जपावं लागतं, कारण तिथे वेग नकळत वाढतो आणि मागचं ओझं मोटारीला ढकलू लागतं.

झोले सुरू झालेच तर हात-पाय जे करायला धावतात तेच नेमकं चुकीचं असतं. चाक उलटसुलट फिरवून सावरायला जावं, तर आपली दुरुस्ती एक क्षण उशिरा पोचते आणि पुढच्या झोल्याला बळ देते. ब्रेक जोरात दाबावा, तर कॅराव्हॅन मागून येऊन मोटारीला कडेला फिरवते. वेग वाढवून तिला सरळ खेचू पाहणं तर सगळ्यात वाईट. चाक सरळ धरायचं, पाय ॲक्सिलरेटरवरून उचलायचा आणि वेग उतरू द्यायचा. सांगायला सोपं आहे. पण आरशात आपलं घर रस्त्यावर आडवं होताना दिसत असतं, तेव्हा काहीही न करता हात स्थिर ठेवायला मोठा धीर लागतो.

त्याहून बरं म्हणजे ही वेळच येऊ न देणं, आणि ते घरून निघण्याआधी, सामान भरतानाच ठरतं. बैलगाडीत कडबा नाहीतर ऊस भरणाऱ्या माणसाला हे शिकवावं लागत नाही. मागे जास्त भरलं तर गाडी उलाळ होते, जू वर उचलतं आणि बैलांचा गळा आवळतो. पुढे जास्त भरलं तर सगळा भार त्यांच्या मानेवर येतो. म्हणून तो ओझं आसावर आणतो आणि किंचित पुढे झुकतं ठेवतो. कॅराव्हॅनचंही तसंच. तिच्या एकूण वजनाच्या पाच ते सात टक्के भार गोळ्यावर यावा, असा सल्ला दिला जातो. कॅराव्हॅन १४०० किलोंची असेल तर हा भार ७० ते ९८ किलो झाला. गोळ्याला किती पेलेल याची मर्यादा मोटारीच्या कंपनीनेच ठरवलेली असते, आणि तीही पाळावी लागते.

एकूण वजन तेवढंच असूनही ते कुठे ठेवलं याने मोठा फरक पडतो. जड सामान चाकांच्या वर आणि जमिनीलगत असलं तर कॅराव्हॅन हेलकावायला नाखूश असते. तेच सामान दोन टोकांना विभागलं, तर एकदा सुरू झालेला झोला आवरणं कठीण जातं. ब्रिटनमधल्या बाथ विद्यापीठात कॅराव्हॅनच्या स्थैर्याचा बारकाईने अभ्यास झालेला आहे. घराच्या मागच्या भिंतीवर सायकली टांगणं सोयीचं वाटतं, पण ते वजन नेमकं नको तिथे जातं. तंबूसारखी बाजूची पडवी, डब्यातलं अन्न, अवजारं ही मधल्या जमिनीवर. वरच्या फडताळांत कपडे आणि हलकी भांडी. आणखी एक संकेत असा, की भरलेल्या कॅराव्हॅनचं वजन मोटारीच्या रिकाम्या वजनाच्या ८५ टक्क्यांपलीकडे जाऊ नये, निदान नवशिक्याने तरी. हा कायदा नाही, पण मोटार जड असली की घर तिचं ऐकतं, एवढा त्याचा अर्थ आहे.

कॅराव्हॅनचा ब्रेक कसा लागतो, हे मला या यंत्रातलं सर्वांत सुंदर काम वाटतं. मोटारीचा ब्रेक पाइपने मागे नेलेला नसतो. मोटार मंदावली की मागून येणारी कॅराव्हॅन जोडणीवर दाब देते, तिथला दांडा आत सरकतो आणि तोच कॅराव्हॅनच्या चाकांचे ब्रेक ओढतो. म्हणजे मागचं ओझं स्वतःच्याच ढकलण्याने थांबतं. याशिवाय एक बारीक तार मोटारीला अडकवलेली असते. जोडणी सुटलीच तर ती ताणली जाऊन हातब्रेक लावते आणि मग तुटते. ही तार अडकवायची विसरणं फार सोपं आहे.

विसरण्यासारखं तर किती तरी असतं. मुक्कामावर घर डुलू नये म्हणून चार कोपऱ्यांना पाय टेकवतात. ते वर न घेता निघालं की जमिनीवर घासत वाकतात. छपराची खिडकी उघडी राहिली तर मोटारवेवरच्या वाऱ्यात ती उडून जाते. विजेची तार खांबाला तशीच जोडलेली राहते, पायरी बाहेरच राहते, फ्रिजचं दार कडीविना राहतं आणि पहिल्याच वळणावर दूध-अंडी जमिनीवर. जुनी जाणती जोडपी यावर एकच उपाय करतात: कागदावरची यादी, आणि एकाने केलेलं दुसऱ्याने तपासायचं. चाकांच्या नटांकडे तर विशेष लक्ष. ते सैल होऊन अख्खं चाक निघून गेल्याचे प्रकार घडलेले आहेत, म्हणून ठरावीक जोर मोजणाऱ्या पान्यानेच ते आवळतात. टायरांचं वय पाहतात, झीज नव्हे. वर्षातले कित्येक महिने एका जागी उभ्या असलेल्या कॅराव्हॅनचे टायर नवे दिसत असले तरी आतून कडक होत जातात. सात वर्षांपुढे ते वापरू नयेत, पाचाला बदलले तर उत्तम, असा जाणकारांचा सल्ला असतो.

मुक्कामाला पोचलं की उलटं जाण्याची परीक्षा. मागे जाताना घर उजवीकडे न्यायचं तर मोटारीचं चाक आधी डावीकडे वळवायचं, आणि घर वळू लागताच त्याच्या मागोमाग मोटार सरळ करायची. एक क्षण उशीर झाला तर दोघांत कोन इतका वाढतो की पुढे येण्यावाचून गत्यंतर नाही. शेजारी खुर्च्या टाकून बसलेले असतात आणि हे सगळं पाहतात. पण त्यांतला जो उठून येतो तो बहुधा मदतीलाच येतो. मग दोन-चार जण मिळून घर हातानेच जागेवर ढकलतात, आणि त्या पाच मिनिटांत झालेली ओळख पुढच्या मुक्कामापर्यंत टिकते. आता अनेकांनी टायरला रूळ टेकवून बॅटरीवर चालणारी यंत्रं बसवली आहेत. ती सोयीची आहेत. पण मदत मागायची वेळही त्यांनी कमी केली.

जागेवर आलं की आधी आडवी पातळी, चाकाखाली उतरती फळी सारून. मग पुढचं छोटं चाक वरखाली करून उभी. कोपऱ्यांचे पाय सगळ्यात शेवटी, कारण ते घर उचलण्यासाठी नसून फक्त टेकण्यासाठी असतात. पातळी झोपेपेक्षाही फ्रिजसाठी हवी. कॅराव्हॅनमधल्या पारंपरिक फ्रिजला कॉम्प्रेसर नसतो. स्टॉकहोममधल्या बाल्ट्झर फोन प्लाटेन आणि कार्ल मुंटर्स या दोन विद्यार्थ्यांनी १९२२ मध्ये ही युक्ती शोधली. उष्णतेने अमोनिया पाण्यातून निघतो, थंड होऊन द्रव बनतो, हायड्रोजनच्या संगतीत पुन्हा वायू होताना आतली उष्णता शोषतो आणि परत पाण्यात विरघळतो. सगळा प्रवाह उतारावरून आपसूक वाहतो, म्हणून घर फार कललं तर तो अडतो. उष्णता कुठलीही चालते: वाटेत मोटारीची वीज, मुक्कामावर खांबावरची, आणि रानात गॅसची ज्योत. ज्योतीवर बर्फ होतो, हे लहान मुलांना समजावून सांगताना मोठ्यांनाही पुन्हा नवल वाटतं.

गॅसही हवामानाचा हिशेब मागतो. ब्युटेन शून्य अंशाच्या आसपास वायू व्हायचं थांबतो. प्रोपेन उणे ४२ अंशांपर्यंत होत राहतो. त्यामुळे उन्हाळ्यात ब्युटेनवर चहा छान होतो, आणि ऑक्टोबरातल्या थंड पहाटे टाकी भरलेली असूनही शेगडी विझते. खांबावरच्या विजेचीही मर्यादा असते. युरोपातल्या काही तळांवर सहाच अँपिअर मिळतात. २३० व्होल्टला त्याचे १३८० वॅट होतात, आणि घरची किटली एकटी दोन-तीन हजार वॅट मागते. ती लावली की अंधार. म्हणून अनुभवी मंडळी लहान किटली घेतात आणि ती उकळेपर्यंत गप्पा मारतात. विजेची लांब तार मात्र गुंडाळीतून पूर्ण सोडवावी; गुंडाळलेली तार तापून वितळू शकते. आणि पावसात निखाऱ्यांची शेगडी पडवीत किंवा घरात कधीही आणू नये. ज्योत विझल्यावरही कोळशातून कार्बन मोनॉक्साइड निघत राहतो. त्याला वास नसतो, आणि झोपलेल्या माणसांना त्याने मारलेलं आहे.

पाणी चाळीस लिटरच्या पिंपातून लोटत आणायचं, सांडपाणी दुसऱ्या डब्यात, आणि शौचाची पेटी ठरलेल्या जागी नेऊन रिकामी करायची. हे काम कुणालाही आवडत नाही, पण त्यामुळे आपण किती पाणी वापरतो आणि मागे काय सोडतो, हे रोज हातात कळतं. आपल्याकडे कॅराव्हॅनसाठी तळ उभारणाऱ्यांनी सुंदर देखाव्याच्या आधी या पेटीची सोय करावी, असं मला कळकळीने वाटतं.

ब्रिटनमधले माझे सर्वांत आवडते तळ म्हणजे शेतकऱ्यांचे. १९६० च्या कायद्यातल्या एका सवलतीमुळे मान्यताप्राप्त क्लब शेताच्या एका कोपऱ्याला मंजुरी देऊ शकतात, पाच कॅराव्हॅनपुरती. तिथे नळ असतो, पेटी रिकामी करायची जागा असते, कुंपणापलीकडे मेंढ्या, आणि क्वचित फाटकाशी अंडी ठेवून शेजारी पैशांचा डबा. पाचच घरं असल्यामुळे संध्याकाळपर्यंत सगळ्यांची नावं कळलेली असतात.

पण याच कायद्याची दुसरी बाजू सांगितल्याशिवाय हे सुख पुरं सांगितलं, असं होणार नाही. स्टेबल्स यांनी ज्यांच्यापासून ही कल्पना घेतली, ते रोमा लोक पिढ्यान्‌पिढ्या चाकांवरच राहत आले होते. त्यांचे पूर्वज सुमारे हजार वर्षांपूर्वी भारतातून गेले आणि त्यांची भाषा आपल्या भाषांच्याच कुळातली आहे. १९६० नंतर त्यांचे गायरानांवरचे परंपरागत मुक्काम बंद होत गेले. १९६८ च्या कायद्याने त्यांच्यासाठी जागा देणं स्थानिक परिषदांवर बंधनकारक केलं, आणि १९९४ मध्ये ते बंधन काढून टाकलं. सुट्टीतल्या कॅराव्हॅनसाठी शेताचं फाटक उघडतं, आणि ज्यांचं तेच घर आहे त्यांना पुढे हाकललं जातं. हा अन्याय आहे.

त्या शेतातल्या एखाद्या पावसाळी दुपारी कॅराव्हॅनचं खरं सुख कळतं. छप्पर पातळ असल्यामुळे प्रत्येक सर ऐकू येते. बाहेर जाता येत नाही आणि आत जाण्यासारखी दुसरी खोली नसते. पत्त्यांचा डाव निघतो, दिवसाचं टेबल रात्रीचा पलंग होतं. घरी तीन खोल्यांत विखुरलेली माणसं इथे एका खिडकीतून एकच डोंगर पाहतात. सकाळी पाऊस थांबला नाही तर चाकं आहेतच. शंभर मैलांवर ऊन असल्याचं कळलं की तासाभरात निघता येतं.

हंगाम संपला की नळ्यांतलं, टाकीतलं सगळं पाणी काढून नळ उघडेच ठेवायचे, नाहीतर गोठलेलं पाणी फुगून नळ्या फोडतं. गाद्या भिंतीपासून दूर उभ्या करायच्या म्हणजे वारा खेळतो. लाकडी सांगाड्याच्या जुन्या कॅराव्हॅनचा खरा शत्रू ओल. पत्र्यांच्या सांध्यांतून ती आत शिरते आणि भिंत मऊ पडेपर्यंत दिसतही नाही, म्हणून दरवर्षी यंत्राने ओल मोजून घेतात. टायर एकाच बाजूने दबू नयेत म्हणून महिन्याकाठी चाकं थोडी फिरवतात. आणि ईस्टरच्या सुट्टीसाठी शेतातल्या त्या पाच जागांतली एक डिसेंबरातच सांगून ठेवतात.